परागवाहकांचे रक्षण आणि ते करणारे हात

स्मरणिका म्हणजे एका अर्थी संस्थेच्या ऋणांची नोंदवही. ज्यांनी जमीन दिली, ज्यांनी पायाचे दगड वाहिले, ज्यांनी पहिल्या तुकडीला अक्षरे गिरवायला लावली, ज्यांनी वसतिगृहाच्या चुलीपाशी वर्षानुवर्षे भाकरी थापली, त्या सर्वांची आठवण अशा पानांतून ठेवली जाते. या लेखात आम्ही एका निराळ्या ऋणाची नोंद करू इच्छितो. आपल्या ताटात येणारे वांगे, भोपळा, दोडका, कारळ्याची चटणी, हंगामातले जांभूळ आणि सीताफळ या सर्वांमागे काही अतिशय लहान जीवांचे श्रम असतात. ते जीव आज संकटात आहेत. त्यांना जपण्यासाठी झटणारी माणसेही आहेत. त्यांतील अनेकजण डोंगरदऱ्यांत राहणारे, अल्पभूधारक किंवा भूमिहीन आहेत, आणि त्यांची नावे फारशी कोठे छापली जात नाहीत. हे जीव, त्यांच्यावरील संकट आणि ही माणसे यांविषयी आपल्या माजी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि समाजबांधवांना काही माहिती द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

परागण म्हणजे काय

फुलातील पुंकेसरावरचे परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर पोहोचले की फळ आणि बी धरण्याची क्रिया सुरू होते. यालाच परागण किंवा परागीभवन म्हणतात. ज्वारी, बाजरी, गहू, भात यांसारख्या तृणधान्यांना या कामी वारा पुरतो किंवा फूल स्वतःचे काम स्वतःच उरकते. परंतु बहुसंख्य सपुष्प वनस्पतींना दुसऱ्या कुणाचे तरी साह्य लागते. मधमाश्या, भुंगे, फुलपाखरे, पतंग, बीटल, पक्षी आणि वटवाघळे हे साह्य करतात. म्हणून त्यांना परागवाहक म्हणावयाचे.

धम्मपदाच्या पुप्फवग्गात, फुलाला इजा न करता रस घेऊन जाणाऱ्या भ्रमराचा दृष्टांत आहे, हे आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. वनस्पतिशास्त्राने त्या निरीक्षणात एका गोष्टीची भर घातली. माशी फुलाला इजा करीत नाही, हे तर खरेच. पण ती रिकाम्या हाताने येतही नाही. अंगावरच्या केसांत अडकलेले परागकण ती एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेते. फूल मकरंद देते आणि माशी त्याची पुढची पिढी घडवून देते. घेणे आणि देणे एकाच भेटीत पूर्ण होते.

या देवघेवीचे मोल किती, याचा अंदाज एका आंतरराष्ट्रीय अहवालावरून येतो. जैवविविधतेसंबंधी शासनांना सल्ला देणाऱ्या आंतरशासकीय मंचाने २०१६ साली परागवाहकांविषयी पहिला व्यापक अहवाल प्रसिद्ध केला. जगातील प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी सुमारे ७५ टक्के प्रकार कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकरवी होणाऱ्या परागणावर अवलंबून आहेत, आणि उत्पादनाच्या वजनाचा विचार केला तर सुमारे ३५ टक्के वाटा अशा पिकांचा आहे, असे त्यात नमूद आहे. हे दोन आकडे एकत्र वाचावयास हवेत. परागवाहक नाहीसे झाले तर जग उपाशी मरेल असे नाही, भाकरी राहील. मात्र भाकरीसोबतची भाजी, डाळीवरची तेलाची फोडणी, फळे आणि त्यांतून मिळणारी जीवनसत्त्वे यांवर घाला पडेल. गरिबाच्या ताटात आधीच ज्या वस्तू कमी असतात, त्याच आणखी महाग होतील.

आपल्या परिसरातील परागवाहक

जगात मधमाशीवर्गाच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतील फार थोड्या मध साठवतात. बहुतेक जाती एकएकट्या राहतात आणि त्यांपैकी अनेक जमिनीत बारीक बिळे करून अंडी घालतात. महाराष्ट्रात मध साठवणाऱ्या माश्यांपैकी चार आपल्या स्थानिक आहेत. उंच झाडांवर आणि कड्यांवर एकच भलेमोठे पोळे उघड्यावर बांधणारी ती आग्या माशी. झाडाच्या ढोलीत किंवा वारुळाच्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी ती सातेरी. अंधार आणि आडोसा तिला मानवतो, म्हणून ती पेटीत नांदते. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे बांधणारी ती फुलोरी. भिंतीच्या भेगेत राहणारी, डंख नसलेली, डासाएवढी ती पोयाची माशी. याखेरीज पेट्यांतून पाळली जाणारी युरोपीय माशी आहे. तिला भारतात रुजविण्याचे प्रयत्न १९६०च्या दशकाच्या आरंभी तत्कालीन पंजाबात यशस्वी झाले.

मात्र सर्व काम मधमाश्याच करतात असे नव्हे. वांगे आणि टोमॅटो यांच्या फुलांत परागकण एका नळीसारख्या कप्प्यात कोंडलेले असतात. भुंगा फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतो तेव्हा ते भुरभुरत बाहेर पडतात. सीताफळाच्या फुलात बारीक बीटल शिरतात. दुधी भोपळ्याचे पांढरे फूल सायंकाळी उमलते आणि रात्रीचे पतंग त्याच्याकडे येतात. ज्या मोहावर आदिवासी कुटुंबांचे उन्हाळ्याचे दिवस निघतात, त्याच्या परागणात फळे खाणाऱ्या वटवाघळांचा मोठा वाटा आहे. वटवाघूळ अशुभ मानून त्याची वस्ती हुसकावणारे लोक आपल्याच रानाचे नुकसान करतात, हे येथे सांगणे अगत्याचे वाटते.

आपल्या सर्वांच्या आदराचा जो पिंपळ, त्याचे उदाहरण तर विलक्षण आहे. पिंपळाला फूल आलेले कुणी पाहिले आहे का, असे विद्यार्थी विचारतात. पिंपळाची फुले त्याच्या फळासारख्या दिसणाऱ्या गोट्यांच्या आत असतात, शेकड्यांनी. गोटीच्या टोकाशी एक अतिसूक्ष्म द्वार असते. त्यातून एका विशिष्ट जातीच्या बारीक गांधीलमाशीची मादी आत शिरते. शिरताना तिचे पंखही बहुधा तुटून पडतात. ती सोबत आणलेले पराग फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. तिची पिल्ले त्या गोटीत वाढतात. त्यांतील माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाच्या शोधात निघतात. उंबर, वड, पिंपळ या प्रत्येकाचा असा स्वतःचा परागवाहक आहे. जेथे पिंपळ लावला गेला पण ही गांधीलमाशी पोहोचली नाही, तेथे तो वृक्ष वाढतो, सावली देतो, परंतु त्याला रुजणारे बी धरत नाही. एवढा प्रचंड वृक्ष आणि त्याचा वंश एका तिळाएवढ्या कीटकाच्या आधारावर!

शेतातला हिशेब

आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांची घरे शेतीशी बांधलेली आहेत. कुणाची स्वतःच्या शेताशी, कुणाची दुसऱ्याच्या बांधावरच्या मजुरीशी. म्हणून पिकांचा हिशेब थोडा तपशिलाने मांडतो.

काकडी, कारली, दोडका, भोपळा, कलिंगड यांच्या वेलीवर नर आणि मादी फुले सहसा निराळी असतात. कीटक आला नाही तर मादी फूल गळून पडते, आणि परागण अपुरे झाले तर फळ वाकडे, एका बाजूने खुरटलेले निघते. कारळे आणि सूर्यफूल यांच्या बहुतांश वाणांना स्वतःच्याच झाडाचे पराग फारसे चालत नाहीत. माशी नसली तर दाणे पोचट राहतात. कांद्याच्या बियाण्याचे पीक हे तर नित्याचे उदाहरण. कांद्याच्या गोंड्यातील एकाच फुलात पराग आधी तयार होतात आणि स्त्रीकेसर नंतर ग्रहणक्षम होतो. वेळेचे हे अंतर कीटकांनीच भरून काढावे लागते. म्हणून बीजोत्पादक शेतकरी गोंडे उमलण्याच्या काळात शेतात मधमाश्यांच्या पेट्या ठेवू लागले आहेत. डाळिंबाच्या बागांतही भाड्याने पेट्या आणण्याची पद्धत रुजत आहे. एके काळी फुकट मिळणारी सेवा आता भाडे देऊन आणावी लागते, एवढ्यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

संकटाचे चार धागे

परागवाहक का घटतात, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. चार कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण उपासमारीचे. माशीला वर्षभर काही ना काही फुलोरा लागतो. बांधावरची बोर, बाभूळ, करंज, शेवरी तोडून शेत सलग केले, एकच पीक मैलोगणती लावले, की त्या पिकाचा बहर असेतो सुकाळ आणि नंतर दुष्काळ अशी तिची अवस्था होते. जमिनीत बीळ करणाऱ्या माश्यांना तर बांधाची न नांगरलेली माती हेच घर असते.

दुसरे कारण रोगांचे. १९९१-९२च्या सुमारास दक्षिण भारतात सातेरी माश्यांमध्ये एका विषाणूजन्य रोगाची साथ पसरली. तो प्रथम थायलंडमध्ये आढळला म्हणून त्याला थाई सॅकब्रूड म्हणतात. या रोगात अळी कोशावस्थेत जाण्यापूर्वीच मरते आणि पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी दिसते. केरळ, कर्नाटक, तमिळनाडू येथील पाळीव सातेरी वसाहतींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक या साथीत नष्ट झाल्या. हजारो कुटुंबांचा जोडधंदा दोन-तीन हंगामांत बुडाला. या विषाणूवर औषध नाही. ज्या वसाहती स्वतःच्या बळावर तगल्या, त्यांच्यापासून नव्या वसाहती वाढविणे हाच मार्ग पाळकांनी अवलंबिला.

तिसरे कारण परजीवींचे. व्हरोआ नावाचा गोचिडासारखा माइट मूळचा सातेरीवर जगणारा. सातेरीने त्याच्याशी दीर्घ सहवासात जुळवून घेतले आहे. तिच्या कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरून तो वेचून काढतात. युरोपीय माशीला हा सराव नव्हता. माणसाने पेट्या खंडोखंडी हलविल्या, माइट नव्या यजमानावर गेला आणि जगभरातील युरोपीय माश्यांच्या वसाहतींचा तो मोठा शत्रू ठरला.

चौथे कारण विषारी फवारणीचे, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

एकच विष, दोन बळी

काही कीटकनाशके अंगावर पडताच माशीला मारतात. काही झाडात मुरतात आणि मकरंदात व परागात अल्प प्रमाणात उतरतात. निओनिकोटिनॉइड गटातील औषधे या दुसऱ्या प्रकारची. अल्प मात्रेने माशी लगेच मरत नाही. पण तिची स्मरणशक्ती आणि दिशेचे भान बिघडू शकते, आणि घराकडे परत न येणारी माशी ही वसाहतीच्या दृष्टीने मेलेलीच असते. युरोपीय संघाने अशा तीन औषधांवर २०१३ साली निर्बंध घातले आणि २०१८ साली उघड्या शेतातील त्यांचा वापर बंद करण्याचा निर्णय घेतला.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फार तर एक फडके बांधून, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत शिरणारा माणूस कोण असतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. मधमाशीच्या रक्षणाची भाषा ही शहरातील हौशी लोकांची भाषा आहे, असा समज कधी कधी ऐकू येतो. तो खरा नाही. ज्या औषधाने माशी मरते तेच औषध फवारणाऱ्याच्या श्वासात आणि कातडीत जाते. अनावश्यक फवारणी कमी होणे यात दोघांचेही हित आहे.

येथे एक व्यावहारिक खुलासा करतो. औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. ही प्रतवारी सस्तन प्राण्यांवरील, म्हणजे माणसासारख्या जीवांवरील तीव्र विषपरिणामावरून केलेली असते. हिरव्या त्रिकोणाचे औषध मधमाशीलाही सौम्यच असेल, असा अर्थ त्यातून काढू नये. त्यासाठी डब्यासोबतचे माहितीपत्रक वाचावे लागते. घरात वाचता येणारे मूल असेल तर हे काम त्याच्याकडे द्यावे.

ज्यांची नोंद उशिरा झाली

मधमाश्या आणि परागण यांविषयीचे आजचे ज्ञान केवळ नामवंतांनी घडविलेले नाही. तीन माणसांची उदाहरणे आम्हांस विद्यार्थ्यांपुढे ठेवावीशी वाटतात.

स्वित्झर्लंडचा फ्रांस्वा ह्युबर हा मधमाशीशास्त्राचा एक आद्य अभ्यासक. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली होती. त्याच्या वतीने पोळी उघडून तासन्‌तास पाहणारा, एकेक माशी तपासणारा होता त्याचा नोकर फ्रांस्वा ब्यूर्नेन्स. १७९२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ह्युबरने त्याचे ऋण मान्य केले, म्हणूनच ते नाव आज आपल्याला ठाऊक आहे.

हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर व्हॅनिलाचे वेल वाढत, फुलत; पण शेंग धरत नसे, कारण मूळच्या मेक्सिकोतील परागवाहक तेथे नव्हते. १८४१ साली एडमंड अल्बियस नावाच्या सुमारे बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातील पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबण्याची युक्ती शोधली. आजही जगातील व्हॅनिलाच्या बागांत बहुतांश परागण त्याच पद्धतीने हाताने होते. त्या शोधावर बागायतदार श्रीमंत झाले. अल्बियस १८४८ साली गुलामीतून मुक्त झाला, परंतु १८८० साली दारिद्र्यातच मरण पावला. परागवाहक नसला की त्याचे काम माणसाला करावे लागते आणि ते कुणाच्या हातांवर येऊन पडते, हे या एका घटनेवरून कळते.

तिसरे नाव चार्ल्स हेन्री टर्नर यांचे. १८६७ साली जन्मलेल्या या आफ्रिकी-अमेरिकी संशोधकाने १९०७ साली शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. वर्णभेदाच्या त्या काळात मोठ्या संशोधन विद्यापीठांची दारे त्यांना उघडली नाहीत. सेंट लुईस शहरातील कृष्णवर्णीय मुलांच्या समनर हायस्कूलमध्ये ते शिक्षक झाले, आणि प्रयोगशाळा नसताना बागेत रंगीत चकत्या मांडून त्यांनी १९१० साली मधमाश्यांना रंग ओळखता येतात हे दाखविले. पुढील वर्षी आकृत्यांविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी डझनावारी शोधनिबंध लिहिले. १९२३ साली त्यांचे निधन झाले. शाळा हीदेखील संशोधनाची जागा होऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस माहीत नाही.

महाबळेश्वरपासून मांघरपर्यंत

महाराष्ट्रात या क्षेत्रात दीर्घ काळ काम चालू आहे. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरी आहे. जांभूळ, हिरडा, गेळा आणि सात-आठ वर्षांतून एकदा डोंगर निळाजांभळा करून टाकणारी कारवी, अशा वनस्पतींमुळे हा परिसर सातेरीला मानवला. २०२२ साली महाबळेश्वरजवळील मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. तेथील बहुतेक कुटुंबे मधमाशीपालन करतात. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्यातील पाटगावानेही हा मार्ग धरला.

या गावांतील पाळक वर्षभर काय करतो, हे समजून घेतले म्हणजे ‘परागवाहकांचे आरोग्य’ या शब्दांचा अर्थ उलगडतो. तो पेटी सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला ठेवतो. तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करतो म्हणजे मुंग्या चढत नाहीत. ठराविक दिवसांनी पेटी उघडून राणी अंडी घालते आहे ना, अळ्या पांढऱ्या व टवटवीत आहेत ना, हे पाहतो. तळफळी झाडून काढतो, कारण तेथील मेणाच्या कचऱ्यात मेणकिडा वाढतो. जुनी काळवंडलेली पोळी बदलतो. सह्याद्रीच्या धुवाधार पावसात माश्यांना बाहेर पडता येत नाही, तेव्हा साखरेचा पाक ठेवून त्यांना जगवतो. मध काढताना पोळे पिळत नाही; चौकट यंत्रात फिरवून मध वेगळा करतो आणि रिकामे पोळे माश्यांना परत देतो. सुट्या चौकटींची ही पेटी शक्य झाली ती १८५१ साली लँगस्ट्रॉथ या अमेरिकी पाळकाने ओळखलेल्या एका साध्या गोष्टीमुळे. पोळ्यांमध्ये ठराविक, सुमारे पाऊण ते एक सेंटिमीटरची फट ठेवली तर माश्या ती बुजवीत नाहीत, ये-जा करण्यासाठी मोकळी ठेवतात.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या उद्योगाची एक बाजू महत्त्वाची आहे. त्याला स्वतःची जमीन लागत नाही. परवानगीने दुसऱ्याच्या बांधावर किंवा रानाच्या कडेला पेट्या ठेवता येतात. राज्य शासनाच्या मध केंद्र योजनेत मोफत प्रशिक्षण, साहित्यावर ५० टक्के अनुदान आणि मधाची हमी भावाने खरेदी यांची तरतूद आहे. तथापि, पेटी आणली की पैसा आला अशी समजूत करून घेऊ नये. परिसरात वर्षभर फुलोरा आहे की नाही हे आधी पाहावे, प्रशिक्षण घ्यावे आणि मोजक्या पेट्यांनी आरंभ करावा. दुर्लक्षित पेटी रोगाचे घर बनते आणि शेजारच्या रानातील माश्यांनाही बाधते.

आग्या माशी आणि मध गोळा करणारे

आग्या माशी पेटीत नांदत नाही. तिचा मध गोळा करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या आदिवासी समाज करीत आले आहेत. रात्री मशाल लावून पोळे जाळण्याच्या पद्धतीत हजारो माश्या मरतात, अंडी-अळ्या नष्ट होतात, कधी रानाला वणवा लागतो आणि उंचावरचा माणूसही जिवावर उदार झालेला असतो. याला पर्याय आहे. आग्या माशीच्या पोळ्यात मध एका वरच्या फुगीर भागात असतो; अंडी-अळ्या खालच्या विस्तृत भागात असतात. संरक्षक पोशाख घालून, केवळ धूर देऊन माश्या बाजूला सारल्या आणि फक्त मधाचा भाग कापून घेतला, तर पोळे जिवंत राहते व माश्या तो भाग पुन्हा भरू शकतात. मध अळ्यांच्या रसाने गढूळ होत नाही, त्यामुळे भावही बरा मिळतो. पुण्याच्या संस्थेने आणि विदर्भातील कार्यकर्त्यांनी या पद्धतीचे प्रशिक्षण दिले आहे. तमिळनाडूतील कोटगिरी येथे १९९३ पासून कार्यरत असलेल्या कीस्टोन फाउंडेशनने निलगिरीतील कुरुंब, इरुळ आदी समाजांसोबत, त्यांच्या परंपरागत ज्ञानाचा मान राखून, असेच काम केले आहे. कोणते पोळे केव्हा काढावे, कोणते सोडून द्यावे, हे या समाजांना पुस्तकावाचून ठाऊक असते. रक्षणाचे काम त्यांना वगळून होणार नाही.

अजिंठ्यासारख्या लेण्यांच्या कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात, आणि तेथे माश्यांनी पर्यटकांवर हल्ला केल्याच्या घटनाही घडल्या आहेत. आपल्या सहली अशा स्थळी जातात, म्हणून सांगतो. पोळ्याच्या दिशेने दगड मारू नये, खाली धूर करू नये, आरडाओरडा करू नये, उग्र अत्तर लावून जाऊ नये. माश्या उठल्याच तर हात झटकत न बसता चेहरा झाकून लांब, बंदिस्त जागी जावे. अनेक डंख झाल्यास किंवा श्वास लागल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. माशी डंख मारते ती घराच्या रक्षणासाठी, आणि मधमाशीच्या बाबतीत तो डंख तिचा शेवटचाच असतो.

आपल्याला काय करता येईल

संयुक्त राष्ट्रांनी २० मे हा जागतिक मधमाशी दिन ठरविला आहे; स्लोव्हेनियातील अंतोन यान्शा या अठराव्या शतकातील मधमाशीपालन-शिक्षकाच्या स्मरणार्थ २०१८ पासून तो पाळला जातो. पण एका दिवसाच्या समारंभाने काही साधत नाही. पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि शाळेने वर्षभर करण्याजोग्या काही गोष्टी सुचवितो.

ज्यांच्याकडे शेत आहे त्यांनी पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळावी. टाळता येत नसेल तर ती सूर्यास्तानंतर करावी. त्या वेळी बहुतेक माश्या घरी परतलेल्या असतात. शेजारी पेट्या असतील तर आदल्या दिवशी पाळकाला सांगावे. बांधाचा थोडा तरी भाग न नांगरता, न जाळता ठेवावा. जे मजुरीवर फवारणीला जातात त्यांनी हातमोजे, मुखपट्टी आणि पूर्ण कपडे मागून घ्यावेत. ते मालकाचे उपकार नव्हेत, कामाची किमान अट आहे. जे माजी विद्यार्थी शहरांत स्थिरावले आहेत त्यांनी गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात तुळस, अडुळसा, कढीपत्ता, शेवगा, जास्वंद यांना जागा द्यावी, आणि इमारतीवरचे पोळे जाळण्यापूर्वी सुरक्षितपणे हलविणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीचा शोध घ्यावा. कृषी, प्राणिशास्त्र किंवा ग्रामीण विकास या क्षेत्रांत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एखादा दिवस शाळेला द्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

शाळेपुरते म्हणाल तर आवारातील झाडांची एक फुलोरा-दिनदर्शिका विद्यार्थ्यांकडून तयार करवून घेणे सहज शक्य आहे. कोणते झाड कोणत्या महिन्यात फुलते, त्यावर कोण येते, कोणता महिना रिकामा जातो, याची नोंद मुलांनी वहीत ठेवावी. रिकाम्या महिन्यात फुलणारे देशी झाड पुढच्या पावसाळ्यात लावावे. टर्नर यांच्यापाशी याहून फार अधिक साहित्य नव्हते. अशा चार-पाच वर्षांच्या नोंदी साठल्या तर त्या गावातील शेतकऱ्यांनाही उपयोगी पडतील, आणि सुट्टीत घरी गेलेले मूल आपल्या वडिलांना फवारणीची वेळ बदलायला सांगू शकेल. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी काही घरांत जरी हे घडले, तरी हा लेख लिहिल्याचे आम्हांस समाधान वाटेल.